‘महत्त्वा’तल्या दुसऱ्या ‘त’ला

चि. दुसऱ्या ‘त’स, अनेक आशीर्वाद.

बावीस वर्षं प्रूफं तपासतोय, तरी यंदा तू माझ्या हातून निसटलासच. एका दिवाळी अंकातल्या लेखाचा मथळा, चांगल्या ठसठशीत टायपात, ‘महत्व’. आतल्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ मी कसोशीनं लावले होते. मथळा तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा तू मला दिसलास. नसताना दिसलास! अंक बाजारात गेल्यावर एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. “तुम्हीच तपासलंत ना?” एवढंच विचारलं त्यांनी.

महत् अधिक त्व, म्हणून तुम्ही दोघे. तत्त्व, सत्त्व यांतही तसंच. ‘अस्तित्वा’त मात्र अस्ति अधिक त्व, तिथे तुझं काही काम नाही. पण कानाला हे कळत नाही. ‘त्व’ म्हणताना जीभ ‘त’वर जोर देतेच, त्यामुळे तू दोन्हीकडे सारखाच ऐकू येतोस. मग लोक तुला ‘महत्त्वा’तून हाकलतात आणि ‘अस्तित्वा’त घुसवतात.

डोळ्यांचा कारभार तर आणखी चमत्कारिक. हंगेरीतल्या पॉल रान्शबुर्ग या मानसशास्त्रज्ञानं १९०२ साली दाखवून दिलं की, आकड्यांची ओळ क्षणभर दाखवली आणि तीत एखादा आकडा पुन्हा आलेला असला, की माणसं जास्त चुकतात. नॅन्सी कॅनविशर यांनी १९८७ साली शब्दांवर हेच आजमावलं. पडद्यावर एकाच जागी एकामागून एक शब्द झरझर दाखवले. वाक्यात ‘शाई’ दोनदा असली तर वाचणारे दुसरी ‘शाई’ गाळून वाक्य सांगत, ते लंगडं झालं तरी. शब्द कोणता, ते मन ओळखतं. तो दोनदा आला होता, याची वेगळी नोंद करायची मात्र राहून जाते. गोदामात माल ओळखावा, पण नग मोजू नयेत, तसं.

आता गंमत अशी की, जुळे आकडे अगदी शेजारी असले तर ते उलट नीट लक्षात राहतात. ४४७१ सोपा, ४७१४ फसवा. या हिशेबानं तू सुरक्षित असायला हवास, थोरल्याला चिकटूनच तर बसलेला असतोस! पण इंग्रजी टंकलेखक ‘बुक’ लिहिताना कधी कधी दोन ‘ओ’ऐवजी दोन ‘के’ टंकून जातात. म्हणजे ‘इथे दुहेरी’ ही सूचना मनात अक्षरापासून सुटी असते, आणि चिठ्ठी शेजारच्या दारात पडते. ‘अस्तित्त्व’ लिहिणाऱ्याचंही थोडंफार असंच होत असावं, असा माझा आपला संशय. व्याकरणाचे मास्तर त्याला आळस म्हणतील. मी आता म्हणत नाही.

जुन्या वळणाच्या टायपात तुझी खूण ती केवढी, एक जास्तीची आडवी रेघ. म्हणून हल्ली मथळा आला की मी तो वाचतच नाही. पेन्सिलीचं टोक टेकवत पुटपुटतो : म, ह, त, त, व. घरची मंडळी हसतात. ‘उज्ज्वला’तला दुसरा ‘ज’ही त्यामुळे परवा सापडला, तुझा चुलतभाऊच तो.

हे पत्र तिघांकडून तपासून घेतलंय. तरी कुठे गळला असलास तर कळव.

तुझा,
एक मुद्रितशोधक