केंबरं

डहाणूत मे महिन्याचं ऊन समुद्रावरून येत नाही, रुळांवरून येतं. चकचकीत रेघा, थेट गुजरातपर्यंत गेलेल्या. डोळे मिटावे लागतात.

हा तुझा मुलूख नव्हे, ठोमरे. तुझं धरणगाव, तुझं जळगाव, तुझी भादली, सगळं लांब खानदेशात. पण रूळ सगळीकडे सारखेच तापतात.

५ मे १९१८. भादली स्टेशनाजवळ मालगाडी. तुझं वय सत्तावीस.

एवढंच.

बाकीचं मागे राहिलेल्यांनी भरलं. कुणी अपघात म्हणालं, कुणी जीव दिला म्हणालं, कुणी तुझ्या मनाच्या भरती-ओहोटीला रोगाचं नाव देऊन मोकळं झालं. ‘उदासीनता’ ही तुझी कविता, तिच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजणारेही भेटले. इथल्या पाड्यांवर कुणी अवेळी गेलं तर भगत तांदळाचे दाणे टाकून पाहतो. तुझे दाणे शिकल्यासवरल्यांनी टाकले. प्रत्येकाला वेगळे पडले.

आणि गंमत बघ. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात तुला ‘बालकवी’ म्हणाले ते अध्यक्ष कीर्तिकर, तेही डॉक्टरच. पण झाडापाल्यातले जाणकार. त्यांनी तुझी नाडी नाही पाहिली. तुझी कविता ऐकली, आणि नाव ठेवलं.

तो डॉक्टर मला पुरे.

तलासरीच्या वाटेला ओढ्याकाठी एक उंबर आहे. (उंबर दिसला की तूच आठवायचास, हा तुझा शाळेपासूनचा जुलूम.) पाय पाण्यात सोडून बसलेलं तिथे कुणी नाही. दिवस कलताना ऊन त्याच्या पानांतून पाण्यावर उतरतं, पाण्यावरून उसळून पुन्हा पानांच्या पोटाशी लागतं, धुणं आपटणाऱ्या बायांच्या दंडांवर थरथरतं, ताडावरून उतरणाऱ्याच्या मडक्याला घासून पिवळं होतं, तापल्या खडकांवर अंग टाकतं, वाळक्या गवताच्या काडीकाडीत शिरतं, आणि ज्या क्षणी कुणीतरी त्याला हाक मारून थांबवायला हवं नेमक्या त्या क्षणी, हाक मारणारा नाही म्हणून, आपलं निघून जातं.

रोज जातं. शंभराहून अधिक उन्हाळे जातंय.

तुझं नसणं मला असं दिसतं. रुळांवर नाही. या उन्हात.

पायाखाली एक पिकलं उंबर फुटलं. वरून तांबूस, मऊ. आत बारीक बियांचा ओला गर, आणि त्यातून राखेच्या कणांसारखी केंबरं उडाली. दोन बोटांवर बसली, उठली, दिसेनाशी झाली. उंबर फोडून केंबरं उडवू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. आपण मात्र तेच करत आलो. शवविच्छेदन अजून संपलेलं नाही तुझं.

मला नको ते. तू गेलास कसा, थकलेल्या मनानं की चुकलेल्या पावलानं, हे माझ्यापाशी नको.

अजून तिशीही न गाठलेला तू. पुढल्या सगळ्या श्रावणांचं काय केलंस?

आणि एक सांग, ठोमरे. गाडी येत होती तेव्हा रुळांपलीकडे काय होतं रे? पारवा होता? शेत होतं? कसला रंग होता त्याचा, की तुला मागे वळून बघावंसंही वाटलं नाही?