वेगाचा वारसा आणि उपसंहार

अतिमानवी शक्ती लाभलेल्या नायकांच्या अमेरिकन चित्रकथांकडे मराठीचे अध्यापक सहसा फिरकत नाहीत. फिरकलेच तर ‘रंजनप्रधान’ या खणात त्या ठेवून मोकळे होतात. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात पंधराहून अधिक वर्षे मराठी शिकवतो आहोत, आणि गेले वर्षभर आमच्यात वाद चालू आहे तो मात्र अशाच एका चित्रकथेतल्या मुलावरून. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी हा विषय आणला आणि मार्गदर्शन करायचे म्हणून आम्हांला तो वाचावा लागला. प्रकल्प केव्हाच तपासून झाला. वाद मिटलेला नाही. तो निव्वळ चित्रकथेचा नाही, आमच्या पेशाचाही आहे, म्हणून येथे मांडतो आहोत.

मुलाचे नाव बार्ट ॲलन, टोपणनाव इंपल्स, म्हणजे आवेग. मार्क वेड हा लेखक आणि माइक विरिंगो हा चित्रकार यांनी १९९४ साली डीसी कॉमिक्सच्या ‘फ्लॅश’ या मालिकेत त्याला जन्माला घातले. ‘फ्लॅश’ हे एका व्यक्तीचे नाव नसून जणू एक गादी आहे, हे आधी सांगायला हवे. १९४० साली जे गॅरिक हा पहिला फ्लॅश अवतरला. १९५६ साली त्या नावाचा वेष बॅरी ॲलनने घातला. १९८५ साली बॅरी विश्व वाचवताना मेला आणि त्याचा शिष्य, बायकोचा भाचा वॉली वेस्ट गादीवर आला. बार्ट हा बॅरीचा नातू. तो भविष्यात, तिसाव्या शतकात जन्मलेला. आजोबांचा विजेसारखा वेग त्याच्या रक्तातच आलेला आहे. तो त्याने कमावलेला नाही, मागितलेलाही नाही.

या वारशाला आणखी एक पदर आहे. बार्टची आई मेलोनी ही थॉन घराण्यातली. बॅरी ॲलनचा हाडवैरी याच घराण्यातला. म्हणजे आजोबांचा वेग आणि आजोबांच्या वैऱ्याचे रक्त, दोन्ही एकाच देहात. महाकाव्यांच्या वाचकांना हे नवे नाही. कोणता भाग घ्यायचा आणि कोणता टाकायचा, ही निवड वारसदाराच्या हाती नसते.

पण बार्टची खरी अडचण रक्ताची नसून काळाची आहे. वेगाबरोबर त्याच्या देहाची वाढही भरधाव सुटली. जन्माला येऊन दोन वर्षे झाली तेव्हा तो बारा वर्षांचा दिसत होता. त्याच्या वेगाशी मेळ बसावा म्हणून त्याला यंत्रनिर्मित आभासी सृष्टीत वाढवले गेले. तेथे पडले तर लागत नाही, मेले तर खेळ पुन्हा सुरू होतो. आजी आयरिस त्याला घेऊन विसाव्या शतकात आली. वॉलीने त्याला चिथावून पृथ्वीभोवती शर्यत लावली आणि त्या धक्क्याने त्याच्या देहाची घोडदौड ताळ्यावर आली. प्राण वाचले, पण स्वभाव तसाच राहिला. संकट दिसले की हा आधी उडी मारतो, विचार मागाहून, आणि तोही आला तर. या मालिकेत बार्टचे विचार शब्दांत लिहिलेले नसतात. त्याच्या डोक्यावरच्या फुग्यात एखादे चित्र काढलेले असते. भाषेच्या आधीचे मन दाखवण्याची इतकी सोपी युक्ती आम्ही क्वचितच पाहिली आहे. वाक्य म्हटले की कर्ता, कर्म, क्रियापद अशी वाट पाहणे आले. या मुलाला वाट पाहणे ठाऊकच नाही.

त्याची स्वतंत्र मालिका १९९५ ते २००२ या काळात चालली, एकूण ८९ अंक. आरंभीच्या अंकांत हंबर्टो रामोसची चित्रे, मोठाल्या डोळ्यांची, वाऱ्यावर उडालेल्या केसांची. वॉलीला हा पोरगा आवरेना, तेव्हा त्याने त्याला मॅक्स मर्क्युरी नावाच्या प्रौढ वेगवंताच्या हवाली केले. अलाबामा राज्यातले मँचेस्टर हे कल्पित लहान गाव, एक साधे घर, जगाच्या दृष्टीने काका-पुतण्या. मालिकेचे मोठे आकर्षण खलनायक नाहीत. शाळेचा तास संपता संपत नाही, शेजारची मैत्रीण कॅरल जगाची रीत समजावून सांगते आणि मॅक्स संयमाचा पाठ देतो, हेच ते आकर्षण.

हा मॅक्स गुरू म्हणून का शोभतो? तो एकोणिसाव्या शतकातला माणूस. वेगाचे जे मूळ स्थान, ज्यात विलीन होणे ही प्रत्येक वेगवंताची आस, तेथे पोचण्यासाठी तो पुन्हा पुन्हा धावला आणि प्रत्येक वेळी तेथून भिरकावला जाऊन काही दशके पुढच्या काळात पडला. दर खेपेला ओळखीची माणसे मागे राहिली. मँचेस्टरमध्ये ज्या घरात तो बार्टला घेऊन राहतो ते हेलन नावाच्या स्त्रीचे. ती त्याचीच मुलगी, आणि हा आपला बाप हे तिला आरंभी ठाऊक नसते. ज्याने वेगापायी काळ गमावला तो काळ कसा घालवावा हे शिकवतो आहे. त्याचे शिकवणे पुस्तकी वाटत नाही ते यामुळे.

येथे आम्हांला महाभारतातील सौप्तिकपर्व आठवल्यावाचून राहिले नाही. द्रोणाने ब्रह्मशिर अस्त्र दिले ते अर्जुनाला. मुलाने, अश्वत्थाम्याने, तेच मागितले, तेव्हा त्याचा चंचल स्वभाव ठाऊक असूनही बापाने ते नाखुशीने दिले. पुढे अश्वत्थाम्याने ते सोडले, त्याला तोंड द्यायला अर्जुनानेही सोडले, आणि ‘मागे घ्या’ असे सांगितल्यावर अर्जुनाने आपले अस्त्र आवरले. अश्वत्थाम्याला ते आवरता येईना. शेवटी ते उत्तरेच्या गर्भावर जाऊन कोसळले. सोडलेले अस्त्र मागे घेणे याला आपल्याकडे ‘उपसंहार’ म्हणतात. विद्यार्थ्यांना हा शब्द निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदापुरताच माहीत असतो. प्रयोग वारशाने मिळू शकतो, उपसंहार मिळत नाही, असे व्यासांचे म्हणणे दिसते. मॅक्सचेही वेगळे नाही. धावणे बार्टच्या रक्तात आहे. थांबणे त्याला मँचेस्टरच्या त्या घरात रोज थोडे थोडे शिकावे लागते.

ते शिकणे संथ आहे, पण खोटे नाही. २००१ सालच्या ‘यंग जस्टिस’ या मालिकेतील प्रसंग पाहावा. बार्ट आपलीच प्रतिरूपे हेर म्हणून पाठवू लागला होता. युद्धात त्यांतले एक मारले गेले आणि त्या मरणाचा अनुभव त्याच्यापर्यंत पोचला. आजवर सगळा खेळ वाटणाऱ्या मुलाला पहिल्यांदा कळले की येथे खेळ पुन्हा सुरू होत नाही. त्याने काही काळ मित्रांचे पथक सोडले. कोणी भाषण दिले नाही, वेष बदलला नाही. जबाबदारी अशी येते, असे आम्हां दोघांनाही वाटते. येथपर्यंत आमचे एकमत आहे.

वाद सुरू होतो तो २००३ पासून. त्या वर्षी ‘टीन टायटन्स’ ही मालिका जेफ जॉन्सच्या लेखणीतून नव्याने निघाली. तीत डेथस्ट्रोक नावाचा मारेकरी बार्टच्या गुडघ्यात गोळी घालतो. आपल्याला कोणीच गंभीरपणे घेत नाही, हा सल त्याला आधीच होता. बरा होताच तो सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयातले झाडून सगळे ग्रंथ वाचून काढतो, इंपल्सचा वेष टाकतो आणि वॉलीने एके काळी वापरलेले ‘किड फ्लॅश’ हे नाव घेतो.

आम्हां दोघांपैकी एकीला हा प्रसंग प्रिय आहे. उनाड मुलगा जखमी झाल्यावर शस्त्रागाराकडे न जाता ग्रंथालयाकडे जातो, याहून अध्यापकाला आणखी काय हवे, असे तिचे म्हणणे. दुसऱ्याला मात्र येथेच फसवणूक दिसते. त्याचे म्हणणे असे, की सगळे ग्रंथ एका दमात वाचणे हाही आवेगच आहे, फक्त त्याला शहाणपणाचा वेष चढवला आहे. वाचन म्हणजे पाने उलटणे नव्हे, दोन पानांच्या मध्ये थांबणे होय. मॅक्सने आठ वर्षांत शिकवले ते एका गोळीने आणि एका ग्रंथालयाने उरकून टाकले. शिवाय चित्रांत विचार करणारा तो मुलगा गेला आणि त्याच्या जागी संदर्भ फेकणारा एक हुशार मुलगा आला. यावर पहिलीचे उत्तर तयार असते: तू परीक्षेच्या आदल्या रात्री वाचणाऱ्या मुलांवरचा राग बिचाऱ्या बार्टवर काढतोस. तेही अगदी खोटे नाही.

पुढे जे घडले त्याने दुसऱ्याच्या पक्षाला बळ मिळाले. २००५–०६ च्या ‘इन्फिनिट क्रायसिस’ या महाकथेत बार्ट वेगाच्या त्या मूळ स्थानात शिरला आणि एकदम काही वर्षांनी मोठा होऊन, आजोबांचा वेष घालून बाहेर आला. २००६ साली तो स्वतः फ्लॅश झाला. देह भरभर वाढू नये म्हणून ज्याला १९९४ साली पृथ्वीभोवती पळवले, त्याला बारा वर्षांनी लेखकांनीच भरभर वाढवले. नवी मालिका १३ अंक टिकली. २००७ साली, वेग हिरावला गेलेल्या अवस्थेत, फ्लॅशच्या जुन्या शत्रूंच्या टोळीने त्याला ठार मारले. त्याचा वेग हिरावण्यामागे होता इनर्शिया, बार्टचीच थॉन पक्षाने घडवलेली प्रतिकृती. वारशाचा जो अर्धा भाग मालिकेने हसण्यावारी नेला होता, तोच शेवटी समोर येऊन उभा राहिला.

या ठिकाणी त्या विद्यार्थ्याविषयी लिहिणे भाग आहे, कारण वाद त्याच्यामुळेच जिवंत राहिला. त्याचे आजोबा नारदीय परंपरेतले कीर्तनकार. पूर्वरंगातले निरूपण असो की उत्तररंगातले आख्यान, बुवांचा आवाज आणि पाठांतर दोन्ही नातवात जसेच्या तसे उतरले आहे. वर्गात तो हात वर करण्याआधीच उत्तर देऊन बसतो. आजोबांना अर्धांगाचा झटका आला आणि ठरलेली कीर्तने मोडू नयेत म्हणून एकोणिसाव्या वर्षी तो उभा राहिला. लोकांना तो आवडला. कोणीतरी त्याच्या आख्यानातले दोन-दोन मिनिटांचे तुकडे मोबाइलवर फिरवले आणि निमंत्रणे येऊ लागली. आता तो सांगतो तेच तुकडे, एकामागून एक, टाळीच्या जागा धरून. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत आम्ही त्याला विचारले, की बार्टचा गुरू खरा कोणता, मॅक्स की ग्रंथालय? तो क्षणभर थांबला, जे तो सहसा करत नाही. म्हणाला, “मॅडम, आजोबा अभंगाचा एक चरण म्हणून गप्प राहायचे. पेटी वाजत राहायची. मी लहानपणी विचारायचो, आजोबा, विसरलात का? आता ते बोलू शकत नाहीत, आणि मला त्या गप्प राहण्याची जागा कुठे येते ते विचारायचं राहून गेलं.”

एम.ए.ला प्रवेश घ्यावा की मिळतील तेवढी कीर्तने करावीत, हे त्याचे अजून ठरलेले नाही. घरचा खर्च आणि आजोबांचे औषधपाणी त्या कीर्तनांवर चालते, हे आम्हांला ठाऊक आहे. ‘थोडा थांब’ हे सांगणे सुखवस्तू माणसाला सोपे जाते. म्हणूनच आम्हां दोघांपैकी जिला ग्रंथालयाचा प्रसंग प्रिय आहे तिचे म्हणणे आम्हांला सरसकट मोडीत काढता येत नाही. ज्याच्यावर गादी अकाली येऊन पडली त्याला आठ वर्षांचे मँचेस्टर मिळणार नसते. त्याला मिळतील ती पुस्तके, मिळेल त्या वेगाने वाचू द्यावीत. अर्थ मागाहून झिरपेल, असे ती म्हणते. दुसऱ्याचे म्हणणे, तो न झिरपताच नुसता टाळ्यांत वाहून जाण्याचीही शक्यता तेवढीच आहे, आणि ते त्याला सांगणारा कोणीतरी हवा.

बार्टची कथा मात्र २००७ मध्ये संपली नाही. चित्रकथांत मरण क्वचितच पक्के असते. २००९ साली तो किड फ्लॅश म्हणून, पुन्हा कुमारवयात, परतला. त्याच सुमारास आजोबा बॅरीही मरणातून परत आले होते. मूळ पुरुषच गादीवर येऊन बसला, तेव्हा वारसदाराने कशाचा वारसा घ्यायचा हा प्रश्नच उरला. २०११ च्या फेररचनेत तर बार्टच्या नावाने वावरणारा मुलगा निराळाच कोणी निघाला. आणि २०१८ साली, ‘फ्लॅश’ मालिकेच्या ५०व्या अंकात, मूळचा बार्ट परत आला तो फ्लॅश म्हणून नव्हे, किड फ्लॅश म्हणूनही नव्हे. तो आला इंपल्स म्हणून, तोच जुना पांढरा-तांबडा वेष आणि तेच विस्कटलेले केस घेऊन.

प्रकाशकांचा हिशेब आम्ही जाणतो. लोकप्रिय पात्र जुन्या रूपात खपते. तरीही या परतण्यात व्यापारापलीकडचे काही आहे असे आम्हांला वाटते. आजोबांचा वेष अंगावर चढवून मोठे होता येत नाही, हे वाचकांनीच चोवीस वर्षांत ठरवले असावे. वारसा घेणे म्हणजे पूर्वजासारखे दिसणे नव्हे. पूर्वज कुठे थांबत होता ते शोधणे, आणि तो सांगायला उरला नसेल तर आपली थांबण्याची जागा आपणच ठरवणे, एवढेच वारसदाराच्या हाती असते. यात गंभीर चेहरा करण्याची अट नाही. मँचेस्टरमधला बार्ट हसतखेळतच शिकत होता.

असो. या विषयावर आमच्यातल्या दुसऱ्याने पहिलीला एवढेच कबूल केले आहे, की पुढच्या सत्रात सौप्तिकपर्व शिकवताना तो बार्टचे ते ग्रंथालय वर्गात आणील. पहिलीने त्या बदल्यात मान्य केले आहे, की तो तास ती मध्ये न बोलता ऐकून घेईल. दोघांपैकी कोणाला ते जमते ते पाहायचे.