हाताची वाट

चित्राने हलावे ही हौस आम्हांस बालपणापासून. तथापि हलणे निराळे आणि जिवंत होणे निराळे, हा धडा आम्हांस आमच्या आजीच्या हाताने दिला. दादासाहेब फाळक्यांनी 1915 साली आगकाड्यांकडून पडद्यावर खेळ करविला. तेव्हा आजीकडून एक भाकरी का करवून घेता येऊ नये, अशा उमेदीने आम्ही नांदेडास संगणकापुढे बसलो. लातूर जिल्ह्यातील आमच्या गावी ती ज्वारीची भाकरी थापून, काठवटीतून अलगद उचलून तव्यावर टाकीत असे. तिची चित्रफीत कोणी घेतलेली नव्हती. जे होते ते आमच्या स्मरणातच होते.

चित्रपटास एका सेकंदाला 24 चित्रे लागतात. प्रत्येक चित्र दोनदा दाखविले तर 12 पुरतात. आमचे एकेक चित्र पाहता निर्दोष होते. परंतु ती ओळीने धावू लागताच आजीचा हात चरकाच्या दांड्यासारखा दिसू लागला. अखेर जुन्या चित्रकारांचा उपाय आम्ही योजिला. प्रत्येक चित्रात मनगटावर ठिपका द्यावयाचा आणि रांगोळीप्रमाणे ते ठिपके जोडावयाचे. हल्ली संगणकच ही वाट रेखून देतो. दोष तत्काळ दिसला. हात खांद्याभोवती व कोपराभोवती फिरतो, म्हणून मनगटाची वाट वळणदार हवी. आमची कोनाकोनांची होती. हात मंदावतो तेथे ठिपके दाट व वेग घेतो तेथे विरळ हवेत. आमचे सर्वत्र सारखे होते. डिस्नेकडील फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन ह्यांनी 1981 च्या आपल्या ग्रंथात ह्या वळणाची गणना बारा तत्त्वांत केली आहे. वस्तुतः नांदेडास होला महल्ल्यात गतका खेळणाऱ्याच्या काठीचे टोक पाहणाऱ्यास हे तत्त्व ठिपक्यांवाचूनही कळावे.

आम्ही वाट सुधारली. हात पाण्यासारखा वाहू लागला. पण तो आजीचा राहिला नाही! पुष्कळ विचारांती ध्यानात आले की, भाकरी उचलतानाचा एक ठिपका ओळीबाहेर पडला होता आणि तोही आम्ही चूक समजून ओळीत बसविला होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात घराची भिंत आजीच्या खांद्यावर आली. त्यानंतर तिचा हात त्या जागी क्षणभर अडखळत असे. आमच्या स्मरणाने जे बरोबर काढले होते, ते आमच्या विद्येने पुसले होते. आम्ही तेवढा एक ठिपका पूर्ववत केला.

त्या सायंकाळी आई मागे येऊन उभी राहिली. थोडा वेळ पाहून ती हळूच म्हणाली, "आत्याबाईंचा खांदा आज जास्त दुखतोय वाटतं."

ठिपके हाताची वाट दाखवितात. तिच्यातील कोणते वाकडेपण चुकीचे आणि कोणते त्या माणसाचे, हे मात्र त्या माणसास ओळखणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.