बाटली कधी उघडली?

संपादकांनी फर्मावलं, ‘फराळासोबत कोणती वाइन, तेवढंच सोपं करून लिहा.’ सोपं हवं तर एका ओळीत सांगतो: चकली, शेव, खारे काजू समोर असतील तर फिनो शेरी, आणि तीही थंडगार. पण एवढ्यावर थांबलो तर लोक शेरी म्हणजे काहीतरी गोड, जेवणानंतर चाखायचं औषध समजतात. वरून मद्यार्क घातलेली वाइन गोडच असणार, ही समजूत गोव्याच्या पोर्टने आपल्याकडे पक्की केली आहे.

खरं तर गोडी मद्यार्क कधी घातला यावर ठरते. दक्षिण फ्रान्सच्या गोड मस्कातमध्ये तो रस आंबत असतानाच पडतो. यीस्टचं काम थांबतं, साखर उरते. फिनोत तो रस पुरता आंबल्यावर पडतो, साखर उरलेलीच नसते.

स्पेनमधल्या हेरेस आणि सानलुकार परिसरात पालोमिनो द्राक्षाची पांढरी वाइन 15 टक्के मद्यार्कापर्यंत नेतात. पिंप मुद्दाम थोडं रिकामं ठेवतात. वर यीस्टची साय धरते, तिला ‘फ्लोर’ म्हणतात. 17 टक्क्यांवर ही साय जगत नाही; मग हवा लागून वाइन तपकिरी होते, ती ओलोरोसो. फ्लोर वाइनला हवेपासून राखते, तिच्यातलं ग्लिसरीन खाते आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड सोडते. (संपादकसाहेब, हा शब्द कापू नका, हिरव्या सफरचंदासारखा वास त्याचाच.) ग्लिसरीन गेल्यामुळे वाइन जिभेवर अगदी कोरडी लागते, म्हणूनच तळणाला ती इतकी चालते. काडिथकडे तळलेल्या मासळीसोबत हीच पितात. रवा लावलेल्या बोंबलासोबत मला तर दुसरं काही सुचत नाही. व्हिनेगर घातलेल्या पदार्थापुढे भल्याभल्या वाइन आडव्या होतात, फिनो टिकते. झणझणीत रश्शाला मात्र नको, मद्यार्काने तिखट आणखी भडकतं. लाडू-करंजीसमोर ती कडवट लागते.

आता माझं जुनं दुखणं. मध्यंतरी एका बड्या हॉटेलात बारच्या दिव्याखाली उघडी, कोमट फिनो दिसली. रंग चहाकडे झुकलेला. ‘फोर्टिफाइड आहे सर, खराब होत नाही,’ असं वर मलाच ऐकवलं! मदेरा उघडल्यावर टिकते, कारण उष्णता आणि हवा तिने आधीच पचवलेली असते. फिनोने पिंपात हवा पाहिलेलीच नसते; बाटलीत येताना साय मागे राहते आणि 15 टक्के मद्यार्क काही तिला हवेपासून वाचवत नाही. उघडल्यावर ती फ्रिजमध्येच हवी आणि आठवड्याच्या आत संपायला हवी. प्यायची 7 ते 9 अंशांवर, साध्या व्हाइट वाइनच्या ग्लासात. ते अंगठ्याएवढे लिक्युअरचे ग्लास कपाटातच राहू द्या, त्यात वास फिरायला जागा नसते.

हॉटेलात मागवताना बाटली कधी उघडली ते आधी विचारा. उत्तर आलं नाही, तर खुशाल बिअर मागवा.