वेणीचे टाके आणि फाइलचे वजन

कोल्हापुरी चपलेचे छायाचित्र संकेतस्थळासाठी हलके करताना, म्हणजे फाइलमधील माहिती कमी करूनही चपलेची ओळख राखताना, यंत्रापेक्षा घडण जाणणारी नजर अधिक मोलाची ठरते. चामड्याच्याच वादीने घातलेले टाके, पट्ट्यावरची बारीक वेणी आणि लाल गोंडा यांवरून हातची चप्पल ओळखली जाते. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेची पारख कोल्हापुरातील शिवाजी रोडच्या चप्पल लाईनवर हाताने करता येते, पण दूरच्या ग्राहकाला ती मोबाइलच्या पडद्यावरच करावी लागते, आणि चित्र उमटायला वेळ लागला तर तो पान सोडून जातो.

पहिली काटछाट आकाराची. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या, म्हणजे तितक्या रंगबिंदूंच्या, छायाचित्रात १ कोटी २० लाख बिंदू असतात. १०८० बिंदू रुंदीच्या पडद्याला त्यांचा सुमारे चौदावा हिस्सा पुरतो. एवढ्याने पुष्कळ वजन उतरते आणि डोळ्याला काहीच उणे दिसत नाही.

खरा कस लागतो तो पुढे. १९९२ साली प्रमाण ठरलेली जेपेग पद्धत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातील उजेडाचे संथ आणि बारीक चढउतार वेगळे करते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक चढउतार ढोबळ करते किंवा गाळते. या पृथक्करणामागचे कोज्या रूपांतराचे गणित मूळच्या बंगळूरच्या नासिर अहमद यांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये मांडले. परंतु वेणीचे टाके नेमके या बारीक चढउतारांतच असतात, त्यामुळे फाइल अधिक दाबली की प्रथम तेच पुसट होतात आणि हातची चप्पल साच्यातल्या चपलेसारखी दिसू लागते, जो कारागिरावर अन्यायच आहे. रंगाचा तपशील डोळा कमी टिपतो म्हणून तो उजेडापेक्षा विरळ साठवला जातो. तपकिरी कातड्याला हे चालते, गोंड्याच्या लाल कडा मात्र फिसकटतात. वेबपी आणि एव्हीआयएफ या नव्या पद्धती तेवढ्याच दर्जाचे चित्र बहुधा कमी वजनात बसवतात, तरी टाके तपासण्याचे काम त्या करीत नाहीत.

हलकेपणाची सुरुवात छायाचित्र घेतानाच होते, ही बाब फार दुर्लक्षिली जाते: अपुऱ्या उजेडात चित्रात दाणे उठतात आणि फाइल त्या निरर्थक दाण्यांनीच फुगते, तर मोकळ्या सावलीत, साध्या कापडावर घेतलेल्या चित्राची पार्श्वभूमी जवळजवळ फुकटात साठते. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेले चित्र सहसा आधीच दाबलेले असल्याने त्यातून गेलेले टाके परत आणता येत नाहीत. म्हणून मूळ फाइल जपून प्रत्येक नवी प्रत तिच्यापासूनच करावी लागते.