लग्न कराडला, कोर्ट शिवाजीनगरला

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. माझं तर माहेरही कराड आणि सासरही कराडच, पण तिथल्या कोर्टाच्या आवारात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. चढले ती एकदम पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाची पायरी. तीही माझ्या धाकट्या मावसबहिणीसाठी.

हिचं लग्न कराडला, आमच्याच दारात मांडव घालून झालं. मग दोघं पुण्याला गेली. ती एका खाजगी कचेरीत हिशेबाचं काम करते. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. गेलं दीड वर्ष ती मुलीला घेऊन कोथरूडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. काय झालं, का झालं, ते इथे लिहीत नाही. ते तिचं आहे. एवढंच सांगते, की परत जाण्याजोगं काही उरलं नव्हतं. आणि नवऱ्याने फोनवर बजावलं होतं, "घटस्फोट घे खुशाल, पण पोरगी माझी. एक दिवस शाळेतून उचलून नेईन." तेव्हापासून ही बाई शाळा सुटायच्या अर्धा तास आधीच फाटकाशी जाऊन उभी राहायची. कचेरीत रोज कुणाची तरी बोलणी खायची.

आमच्याकडे वकील म्हणजे एकच, वकीलकाका. आजोबांच्या वाटण्या त्यांनी केल्या, विहिरीचा तंटा त्यांनीच मिटवला. मामांनी ठरवूनच टाकलं होतं, "लग्न इथे लागलं, दावा इथेच लावायचा. वकीलकाका घरचे आहेत, पैशालाही सांभाळून घेतील."

मी काकांकडे गेले. काकूंनी चहा दिला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून म्हणाले, "दावा इथे चालेल गं. लग्न जिथे लागलं तिथे अर्ज करता येतो, हिंदू विवाह कायद्याचं १९ वं कलमच आहे तसं. शेवटचं एकत्र राहिले तिथेही चालतो, आणि २००३ पासून बायको जिथे राहते तिथेही. पण उद्या त्याने मुलीच्या ताब्यासाठी वेगळा अर्ज केला, तर तो मूल नेहमी राहतं तिथल्या कोर्टात. म्हणजे पुण्यात. मग ही एक तारीख कराडला आणि एक पुण्याला करत फिरणार का? आणि खरं सांगू, माझं आयुष्य सात-बारा वाचण्यात गेलं. तिथे रोज उभा राहणारा माणूस बघा."

इतकं सरळ बोलणारे वकील किती असतील? मामा मात्र आठवडाभर घुश्श्यात होते.

२०२५ चा जुलै होता. शाळेतून दोन दिवस रजा घेतली (अर्धवेळ शिक्षिकेची रजा म्हणजे अर्ध्या पगारात पूर्ण ओशाळेपण!) आणि पहाटेची एस.टी. पकडली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आमचं पुणं जवळ आलंय. उंब्रज गेलं, साताऱ्याला अजिंक्यतारा ढगात बुडालेला दिसला, पुढे खंबाटकीचा बोगदा. एरवी या वाटेने जाताना तुळशीबागेतल्या खरेदीची यादी डोक्यात असते. या वेळी पिशवीत लग्नपत्रिका होती, लग्नाचे दोन फोटो होते आणि मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत.

स्वारगेटला उतरून पहिल्यांदाच भुयारी मेट्रोत बसले. मंडई, कसबा पेठ, की आलंच जिल्हा न्यायालय. हे स्थानक जमिनीखाली ३३ मीटर आहे म्हणे. सरकत्या जिन्यावरून वर येता येता माझ्या पोटात गोळा आला, तो खोलीमुळे की कोर्टामुळे, देव जाणे. धाकटी कोथरूडच्या मेट्रोने आली होती. दोन्ही मार्ग इथेच भेटतात. तिने माझा हात धरला तो थेट कोर्टाच्या फाटकापर्यंत सोडला नाही.

शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या जुन्या दगडी इमारती आहेत, आणि शेजारीच कौटुंबिक न्यायालयाची नवी उंच इमारत. पुण्यात हे न्यायालय १९८९ साली सुरू झालं. इथे नव्या वास्तूत आलं २०१७ मध्ये. मला वाटलं होतं, आत आरडाओरडा, रडारड असेल. तसं काही नव्हतं. लग्नाच्या कार्यालयात दोन्हीकडची माणसं बसतात ना, तशीच बसलेली, फक्त एकमेकांकडे न बघता. एक आजीबाई मांडीवर डबा घेऊन होत्या. खांबाशी एक तरुण गृहस्थ उभे होते, हातात गुलाबी पाण्याची बाटली, छोट्या मुलांची असते तशी. तासाभराने पाहिलं तरी ते तसेच, बाटली तशीच. मी बहिणीची बाजू घेऊन आलेली, पण तिकडून नजर काढवेना.

फाटकाशीच एकाने हटकलं होतं, "ताई, डायव्होर्स का? चांगले वकील देतो." मैत्रिणींनो, अशांच्या मागे जाऊ नका. वकिलांना जाहिरात करायला किंवा माणसं पाठवून पक्षकार गोळा करायला त्यांच्या नियमांनीच बंदी आहे. पण आम्ही गोंधळलेल्या, गेलो! काळ्या कोटातल्या त्या गृहस्थांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "मुलगी तुमचीच. गॅरंटी. सगळी फी आज भरा आणि या कागदांवर सह्या करा." कागद कोरे होते. धाकटीने पेन हातात घेतलंसुद्धा. मी मुलांच्या उत्तरपत्रिका तपासणारी बाई, कोऱ्या कागदाला भिते. "घरी विचारून येतो," म्हणून तिला उठवलं.

दुपारी तिच्या मैत्रिणीने सुचवलेल्या वकीलबाईंकडे गेलो. कोर्टापासून चालत पाच मिनिटं, एका जिन्याखालची खोली, भिंतीला फायलींचे गठ्ठे. आधी मलाच म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का?" मला राग आला. पहाटेपासून धावतेय मी, आणि बाहेर? पण अर्ध्या तासाने धाकटी दार उघडून मला बोलवायला आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा दिसला. माझ्यापुढे जे बोलली नव्हती, ते बोलून झालं होतं.

मग प्रश्न सुरू झाले. मुलीची वेणी कोण घालतं? शाळेच्या डायरीत सही कोणाची? लसीचं कार्ड कोणाकडे? ताप आला तेव्हा दवाखान्यात कोण होतं? मला वाटलं होतं, त्या नवऱ्याचे दोष विचारतील. त्यांनी ते थोडक्यात टिपून घेतले. "पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, असं १९५६ च्या कायद्यात आहे. तुमची मुलगी सहाची. आता न्यायाधीश तिचं हित बघतील. ते असं रोजच्या कागदांतून दिसतं, म्हणून डायऱ्या, फीच्या पावत्या, औषधांची बिलं जपून ठेवा."

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला ठाऊकच नव्हतं. कौटुंबिक न्यायालयाच्या १९८४ च्या कायद्याप्रमाणे तिथे वकील देणं हा आपला हक्क नाही. न्यायाधीशांची परवानगी लागते. "मी अर्ज करीन. पण समुपदेशकांपुढे तुम्हालाच बोलायचंय. पोपटपंची नको, आणि मुलीला तर काहीही पढवू नका." दोघांचं जमलं तर संमतीने घटस्फोट होतो. त्याला एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात हे सहा महिने माफही होतात. पोटगी मागायची, तर दोघांनाही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

फी त्यांनी कागदावर लिहून दिली, टप्प्याटप्प्याने. टायपिंगचा, नोटरीचा खर्च वेगळा मांडला. मूळ कागद परत दिले, प्रती ठेवून घेतल्या. "हेही जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो," हेही आपणहून सांगितलं. स्वतःचं गिऱ्हाईक कोण असं दुसरीकडे पाठवतं?

सगळं झालं असं वाटत असतानाच त्यांनी विचारलं, "मुलगी वडिलांना शेवटची कधी भेटली?"

धाकटी गप्प. मग म्हणाली, "चार महिने झाले. मी भेटूच देत नाही. नेलं आणि आणलं नाही तर?"

"भीती खरी आहे. धमकीचा फोन आपण अर्जात लिहू, शाळेलाही पत्र देऊ. पण मुलीला कधीच भेटू दिलं नाही, हे तुमच्याविरुद्ध जाईल. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, तुम्ही जवळपास असताना भेटू द्या. मी त्याच्या वकिलांशी बोलते, रोजचीच गाठ आहे आमची."

धाकटी माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार? डोळ्यांपुढे सकाळची ती गुलाबी बाटली होती. खाली मान घालून ती बराच वेळ पर्सचा बंद फिरवत राहिली. मग म्हणाली, "रविवारी. दोन तास. बागेत." आणि वकीलपत्रावर सही केली, पूर्ण वाचून.

रात्री कोथरूडला मुक्काम केला. मुलीला सांगितलं तेव्हा ती भातावरून हात न काढता म्हणाली, "बाबांना माझा दात पडलेला माहीत नाही." धाकटी उठून ओट्याकडे गेली, आणि नसलेली भांडी घासत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एस.टी.त मामांचा फोन. "केला का मग कोणी वकील? मोठा आहे का?"

"जिन्याखाली बसतात," मी म्हटलं, "पण कोर्टापासून पाच मिनिटांवर."

मामा हुं म्हणाले. रविवारी बागेत धाकटीबरोबर कोण थांबणार, असं थोड्या वेळाने त्यांनीच परत फोन करून विचारलं, आणि शनिवारच्या गाडीने निघाले.