माणगावची कालवं

माणगाव म्हटले की आपल्या समाजबांधवांच्या डोळ्यांसमोर कोल्हापूर जिल्ह्यातील माणगाव उभे राहते. मार्च १९२० मध्ये तेथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, प. पू. बाबासाहेब अध्यक्ष होते आणि राजर्षी शाहू महाराज स्वतः हजर होते. आम्ही सांगतो आहोत ते माणगाव दुसरे. रायगड जिल्ह्यातले, मुंबई-गोवा महामार्गावरचे. येथून एक रस्ता म्हसळा-श्रीवर्धनकडे जातो, एक ताम्हिणी घाटातून पुण्याला, आणि सरळ गेले की क्रांतिभूमी महाड. २० मार्चला महाडला जाणाऱ्यांपैकी माणगावच्या बाजारातील कोंडीत अडकला नाही असा मनुष्य विरळा!

आम्हीही अडकलो. वस्तीतल्या तीन कुटुंबांनी मिळून भाड्याची गाडी केली होती. पहाटे मुंबई सोडली आणि माणगावात पोचेतो दुपारचे साडेबारा झाले. डबे पेणच्या आसपासच संपले होते. मुले भुकेने कुरकुरू लागली, तेव्हा ड्रायव्हरने रस्त्याकडेच्या एका खानावळीसमोर गाडी लावली.

खानावळ कसली, जत्राच होती. पुढे पत्र्याची पडवी, आत बाकडी आणि लांब टेबले, भिंतीवर हातपाय धुतल्यासारखा ओला चुना. दाराशी एक मुलगी वहीत नावे लिहून घेत होती आणि जागा झाली की हाका मारत होती. वाढपी तीन, गिऱ्हाईक साठ-सत्तर. 'दोन सुरमई, एक बांगडा, बोंबील कडक' असा पुकारा आत जायचा आणि आतून तेलाचा चरचराट यायचा. माणगावला समुद्र नाही. पण श्रीवर्धन, दिघी, राजपुरीच्या खाडीकडून मासळी येथवर येते, आणि मुंबईच्या हॉटेलांपेक्षा ताजी असते.

फळ्यावर खडूने पदार्थ लिहिले होते. आमची आई चष्मा सावरत वाचत होती. वाचता वाचता ती थबकली.

"कालवं? हॉटेलात? आणि अडीचशे रुपये?"

ज्या वाचकांचा कोकणाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. कालव म्हणजे खाडीच्या खडकाला चिकटून वाढणारा शिंपल्यातला जीव. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी लांब जाते, खडक उघडे पडतात, तेव्हा बायका कोयती घेऊन चिखलात उतरतात. शिंपल्याची वरची पाठ फोडायची आणि आतला मऊ गर काढून भांड्यात टाकायचा. दोन-तीन तासांत पाणी परत चढते, त्याआधी जेवढे निघेल तेवढे. शिंपल्याची धार सुरीसारखी. आईच्या उजव्या अंगठ्यावर आजही पांढरा व्रण आहे. तिचे माहेर खाडीकाठचे, आणि लहानपणी ती आजीबरोबर कालवं काढायला जात असे. घरात दुसरे काही नसले की कालवांचे कालवण आणि तांदळाची भाकरी. गावातली इतर पोरे त्यावरून चिडवीत.

ओहोटी चांगली लागली तर थोडी कालवं बाजारात विकायला न्यायची. तेथे एक हॉटेल होते. हॉटेलवाल्याला कालवं चालत, ती आत जात. आजी आणि आई मात्र बाहेर. चहा हवा असेल तर पडवीच्या कौलाखाली खोचलेली वेगळी कपबशी काढायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, कपबशी आपणच विसळून पुन्हा खोचायची आणि पैसे लांबून ठेवायचे. राज्यघटना लागू होऊन तेव्हा दहा वर्षे उलटली होती! आई हे फारसे सांगत नाही. त्या दिवशी ओटीवर नंबराची वाट पाहताना सांगितले, तेही आमच्या मुलाने विचारले म्हणून.

मुलगा आठवीत आहे. त्याला आम्ही घटनेचे कलम १५ सांगितले. त्यातील दुसऱ्या पोटकलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश आणि विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा वापर एकत्रच आले आहेत. खानावळ आणि तळे एकाच कलमात! ज्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेच मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तेव्हा हे नवल नव्हे. महाडच्या लढ्यात अन्नाचा प्रश्न किती होता हे आपण विसरतो. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. २० तारखेला तळ्यावर पाणी प्यायल्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून मंडपावर हल्ला झाला, तेव्हा लोक जेवायला बसले होते. शिजलेले अन्न मातीत मिसळले गेले. कित्येकांना मुसलमान बांधवांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरच्या सत्याग्रहाला मंडपासाठी जागा दिली तीही फत्तेखान यांनी. बाबासाहेब त्या वेळी बोटीने दासगाव बंदरात उतरून महाडला गेले. ते दासगाव माणगावहून महाडला जाताना वाटेतच लागते.

हॉटेलाचाच विषय निघाला म्हणून आणखी एक. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तेथे चहा घेऊ लागले. महाराज थांबले म्हटल्यावर बरोबरच्या सरदारांनाही प्यावाच लागे. आणि पार अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात, थॉमस डाऊनिंग नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थाने १८२५ साली कालवांचीच खानावळ काढली. वर बडे गोरे सावकार कालवं खात बसत आणि खाली तळघरात गुलामीतून पळून आलेले लोक लपवले जात. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांनाच.

एवढ्यात आमच्या नावाचा पुकारा झाला. तिघांसाठी एक अर्धे टेबल. उरलेल्या अर्ध्यावर पुण्याकडचे एक कुटुंब जेवत होते. पाण्याचा जग एकच. आम्ही बसताच त्या बाईंनी तो आमच्या बाजूला सरकवला आणि पुन्हा काटे काढू लागल्या. आईने जगाकडे क्षणभर पाहिले, मग ग्लास भरून घटाघट प्यायली.

येथे काही उपासक विचारतील, पंचशील घेतलेल्यांनी मासळी खावी काय? आमच्या सौ. याबाबत कडक आहेत. त्या बुधवारी-शनिवारी उपासाच्या नव्हेत, पण उपोसथाला शाकाहारीच. जीवकसुत्तात भगवंतांनी भिक्खूंनाही सरसकट मनाई केलेली नाही. आपल्यासाठी मारले असे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तर ते घेऊ नये, एवढाच दंडक आहे. बाबासाहेबांनीही गरज म्हणून मारणे आणि मारण्याची हौस यांत फरक केला आहे. खाडीकाठच्या गरिबाला हा फरक कोणी शिकवावा लागत नाही. ज्याला खायचे नाही त्याने जरूर खाऊ नये. दुसऱ्याच्या ताटात मात्र डोकावू नये.

कालवं आली. कांदा, लाल मसाला, वर कोथिंबीर. सोबत तांदळाची भाकरी आणि सोलकढी. आईने एक घास घेतला, चावला, आणि मान हलवली.

"धुतली जास्त. खारेपणा गेला सगळा. आणि आमसूल कमी."

आम्हाला तर अप्रतिम लागली. पण आईला राहवेना. ताट अर्ध्यावर ठेवून ती उठली आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. आम्ही घाबरून मागे. आत दोन चुली, एक गॅस, आणि पन्नाशीच्या एक मावशी घामाघूम होऊन तव्यावर मासा परतत होत्या. आईने कालवांविषयी सांगितले. मावशींना राग आला नाही, उलट हसल्या.

"आजी, तुम्ही खाडीकडच्या दिसता. गाव कुठलं?"

आईने गाव सांगितले.

"अगो बाई, माझं सासर पलीकडच्याच गावात. कुठल्या वाडीतल्या तुम्ही?"

वाचकहो, कोकणात वाडी विचारणे म्हणजे काय ते आपण जाणता. आम्ही काही तरी बोलून विषय बदलणार होतो. पण आई उंबऱ्याच्या आत पाऊल टाकून म्हणाली, "बौद्धवाडीतली."

मावशी थांबल्या. हात उलथण्यावर तसाच. त्या थांबण्याचा अर्थ काय, तव्यावरचा मासा लागत होता म्हणून की आणखी काही, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही. मग त्यांनी मासा उलटला आणि म्हणाल्या, "बसा जाऊन. भाकरी गरम देते. आमसुलाचं बघते पुढच्या खेपेला."

गरम भाकरी आली, आईसाठी एक आणि न मागता दुसरी. बिलात दुसरी लावली नव्हती. सौ. म्हणाल्या, तुम्ही उगाच संशय घेता. मुलगा म्हणाला, पण त्या थांबल्या होत्या, मी पाहिलं. आई काहीच म्हणाली नाही. बोटे चाटून तिने ताट स्वच्छ केले.

पुढे लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ मुलाला गाडीतून दाखवले, दासगाव मागे टाकले आणि तीनच्या सुमारास महाडला पोचलो. गर्दी, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, जयभीमचा गजर. त्याचे वर्णन दरवर्षी या पानांत येते, म्हणून येथे लिहीत नाही. आई तळ्याच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून होती.

परतताना रात्रीचे अकरा झाले. माणगावात खानावळीचा दिवा मालवलेला, पडवीत बाकडी एकावर एक रचलेली. आम्हाला वाटले आई झोपली आहे. पण ती काचेतून बाहेर बघत होती.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली, "आमसूल घरूनच घेऊन येऊ."